पोचा पंखाच्या टोकाला, तपासणी मुळाशी

शिकाऊ विमान धावपट्टी सोडून शेजारच्या वावरात घुसलं, की तासाभरात त्याचा व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर पोचतो. नाक मातीत, प्रोपेलरचं पातं वाकलेलं, भोवती गर्दी. खाली ठरलेल्या दोन प्रतिक्रिया असतात. एक म्हणते, ‘गेलं भंगारात.’ दुसरी म्हणते, ‘डेंटिंग-पेंटिंग करतील अन् परत पोट्ट्यांच्या हाती देतील, दुसरं काय बाप्पा!’

बहुतेक वेळा दोन्ही अंदाज चुकतात, आणि का चुकतात हे विदर्भातल्या माणसानं आता समजून घ्यायला हवं. गोंदियाजवळ बिरसीला वर्षानुवर्षं वैमानिक तयार होताहेत. नागपूर फ्लाइंग क्लबची सेसना विमानं चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या धावपट्टीवर उतरतात. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे, तिच्यासाठी ३४ विमानांची मागणी नोंदवलेली आहे. तुरीच्या वावरावरून घिरट्या घालणारी ही विमानं शिकणाऱ्यांच्या हातात असतात. शिकणारा कधीतरी आपटणारच, तेव्हा आपटलेल्या विमानाचं पुढे काय होतं हा प्रश्न आपल्याकडे वाढत जाणार आहे.

पत्रा हाच सांगाडा

ट्रकला खाली चेसिस असते. वरची बॉडी चेपली तरी चेसिस शाबूत असेल तर ट्रक चालतो. लहान विमानात अशी वेगळी चेसिस नसते. आत पातळ कड्या आणि लांब पट्ट्या असतात आणि वरून पत्रा रिव्हेटनं, म्हणजे दोन्ही बाजूंनी ठोकून पक्क्या केलेल्या धातूच्या खिळ्यांनी, बसवलेला असतो, तोही त्यांच्याइतकाच भार उचलतो. सेसना १७२ सारख्या विमानाचा हा पत्रा बऱ्याच ठिकाणी अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचाच असतो.

घरातला तेलाचा रिकामा पिपा घ्या. झाकण बंद आणि बाजू सरळ असतील, तर त्यावर माणूस उभा राहिला तरी तो टिकतो. पण त्याच्या एका बाजूला आधीच पोचा असेल, तर त्याच वजनाखाली तो पोच्यापाशी दुमडून बसतो. पत्रा तोच आणि जाडी तीच असते, गेलेला असतो तो आकार. ताकद पत्र्याच्या जाडीपेक्षा त्याच्या आकारात जास्त होती. विमानाच्या अंगावरचा पोचा पाहून तंत्रज्ञ ‘दिसतं कसं’ याच्या फंदात पडत नाही. इथून भार जात होता का, आणि आता तो कुठून जाईल, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

हा भार थोडाथोडका नसतो. सर्वसाधारण गटातल्या लहान विमानाची बांधणी स्वतःच्या वजनाच्या ३.८ पट भार सोसेल अशी करावी लागते आणि त्यावर दीडपट राखीव ताकद ठेवावी लागते. भरलेलं विमान ११०० किलोचं धरलं, तर पंखांनी चार टनांवर भार पेलायचा, तोही अशा पत्र्याच्या जिवावर.

पंखाच्या आत, मुळापासून टोकापर्यंत एक मुख्य तुळई जाते. तिला ‘स्पार’ म्हणतात. पंखाचा बहुतेक भार ती घेते आणि बोल्टांमार्फत धडाला देते. हा एवढा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मार एका जागी, मोडतोड दुसऱ्या

समजा विमान जमिनीवर चालवताना पंखाचं टोक धुऱ्यावरच्या बाभळीला अडकलं. टोकाचं प्लास्टिकचं टोपण फुटलं, बाकी काही नाही. पाहणारा म्हणेल, टोपण बदला आणि उडवा.

पण हिशोब करून पाहा. टोकाला १०० किलोचा धक्का बसला. मुळापासून टोक पाच मीटर लांब आणि मुळाशी पुढच्या-मागच्या जोडांत अर्धा मीटर अंतर, असं गणितापुरतं धरू. तरफेच्या नियमानं त्या जोडांवर १००० किलोची ओढ आली. टोपण फुटून मोकळं झालं, पण बोल्टाचं भोक लांबट झालेलं असू शकतं. म्हणून पोचा टोकाला असला तरी पहिली बॅटरी मुळाशी मारतात.

जोरात आपटून उतरलेल्या विमानाचंही असंच आहे. धक्का चाकातून पायात, पायातून तो जिथे धडाला जोडला आहे त्या पेटीत, तिथून जमिनीच्या पाटांत आणि दाराच्या खांबांत जातो. त्याच क्षणी पंख खाली लवतात, कारण त्यांच्यात इंधन भरलेलं असतं आणि धड थांबलं तरी त्यांना खाली जायचंच असतं. नाकावरचं जड इंजिन इंजिनामागच्या भिंतीला चुरगाळू पाहतं. त्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यांत पडलेली सुरकुती ही कडक उतरणीची ठरलेली खूण आहे. सेसना विकत घेणारा जाणता माणूस आधी वाकून तीच पाहतो, रंग नंतर पाहतो.

आपल्याकडची काळी जमीन यात भर घालते. पावसाळ्यात धावपट्टी सोडली की नाकाचं चाक रुततं, पाय मोडतो आणि फिरता प्रोपेलर मातीत जातो. माती मऊ असते म्हणून लोकांना वाटतं, पातं वाकलं तर पातं बदलतील. पण चालू इंजिन असं अडलं की फटका आतल्या क्रँकशाफ्टला, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याला, बसतो. त्यामुळे पातं सरळ दिसत असलं तरी इंजिन उतरवून, उघडून पाहतात. या सगळ्या प्रकरणात अनेकदा सर्वांत मोठा खर्च हाच असतो.

विमान आपल्याच वावरात उतरलं तर

आतल्या माणसांना बाहेर काढा, बिडी-सिगारेट विझवा, पोलिसांना कळवा. माणसं वाचवण्यासाठी किंवा आग टाळण्यासाठी लागेल तेवढंच हलवा. बाकी अवशेष अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हलवायचे नाहीत, असा नियमच आहे. मदत म्हणून ट्रॅक्टरला दोर बांधून शेपटीनं ओढण्याचा मोह फार होतो. अपघातात न झालेलं नुकसान त्या ओढण्यात होतं, आणि मग कोणती सुरकुती आपटण्यामुळे पडली आणि कोणती ट्रॅक्टरमुळे, हे शोधत बसावं लागतं. जळालेलं विमान कंपोझिटचं, म्हणजे पत्र्याऐवजी काच-कार्बनच्या तंतूंचं, असेल तर लांबच राहा. त्याच्या राखेतले बारीक तंतू कातडीला आणि फुप्फुसाला वाईट.

हँगरमध्ये काय शोधतात

आधी विमान धुतात, कारण मातीखाली काहीच दिसत नाही. मग सीट, गालिचे, तपासणीची झाकणं सगळं उघडतात. बॅटरी सरळ न मारता पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धरतात. आडव्या उजेडात हलकीशी लाटही सावली टाकते.

सगळ्यांत बोलका असतो रिव्हेट. पक्का बसलेला रिव्हेट मुका असतो. ढिला झाला की तो भोकात अगदी सूक्ष्म हलतो, ॲल्युमिनियम घासून काळी भुकटी होते आणि उडताना हवा ती मागे ओढते. रिव्हेटच्या डोक्यामागे काजळाची बारीक शेपटी उमटते. ती बोटानं पुसता येते. नुसती मळ असेल तर परत येत नाही, रिव्हेट खरंच हलत असेल तर काही उड्डाणांत पुन्हा तिथेच उमटते. अशा शेपट्या ओळीनं चार-पाच रिव्हेटना दिसल्या, तर त्या ओळीच्या आत काहीतरी सरकलं आहे असं धरून चालतात. रंगाला रिव्हेटभोवती गोल तडा गेला असेल, तर त्याचाही अर्थ तोच.

मग मोजमाप. नाकावरच्या एका ठरावीक बिंदूपासून डाव्या आणि उजव्या पंखावरच्या सारख्याच बिंदूंपर्यंतची अंतरं मोजतात. विमान समपातळीत आणायला, जमिनीवर बिंदू उतरवायला गवंड्याकडे असतो तोच ओळंबा वापरतात. डावी-उजवीकडचा फरक उत्पादकाच्या दुरुस्ती-पुस्तकात दिलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर डोळ्याला काहीही न दिसता धड पिळलेलं आहे, हे कळतं.

केसाएवढा तडा शोधायला लाल रंगाचं पातळ द्रव लावतात, पुसतात आणि पांढरी भुकटी फवारतात. तड्यात शिरलेला लाल रंग भुकटीवर रेघ होऊन वर येतो. भोकाच्या आतल्या, पृष्ठभागापर्यंत न आलेल्या तड्यांसाठी ‘एडी करंट’ नावाची विजेवर चालणारी तपासणी करतात. धातूत फिरणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाला तडा आडवा आला की यंत्रावरची रेघ हलते.

गारपिटीनं पडलेले पोचे भरून काढता येत नाहीत का?

फेब्रुवारी-मार्चची गारपीट आपल्याला नवी नाही. उघड्यावर उभ्या विमानाला तिचा मार बसला तर पाठीवर पोचेच पोचे. गुळगुळीत, उथळ, कडा न दुमडलेला पोचा पंखाच्या मधल्या भागात असेल, तर उत्पादकाच्या पुस्तकातल्या मापात बसल्यावर तो तसाच सोडता येतो. उगाच ठोकून सरळ करायला गेलं तर पत्रा ताणला जातो आणि मग दाबला की टक्‌कन आत, सोडला की बाहेर असा खेळ सुरू होतो. तो पोच्यापेक्षा वाईट.

पण तोच पोचा पंखाच्या मागच्या हलणाऱ्या भागावर किंवा शेपटीच्या हलत्या पात्यावर असेल, तर गोष्ट वेगळी. विमान वळवणारी आणि वर-खाली नेणारी ही पाती बिजागरीवर तोललेली असतात. तिथे कारला लावतात तशी लांबी (पुट्टी) भरली, वर रंगाचे दोन हात मारले, की मागची बाजू काही ग्रॅमनी जड होते. तोल बिघडलेलं पातं वेगात थरथरू लागतं आणि ती थरथर काही सेकंदांत पातं उखडू शकते. म्हणून अशा पात्याला नुसता नवा रंग दिला तरी ते उतरवून परत तोलतात. गॅरेजवाल्याचा हात कितीही सफाईदार असो, इथे त्याचं कौशल्य उपयोगाचं नाही, उलट घातक आहे.

वेल्डिंग का करत नाहीत?

कारण हा पत्रा नुसता ॲल्युमिनियमचा नसतो. त्यात सुमारे चार टक्के तांबं असतं आणि ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून त्याला ताकद आणलेली असते. वेल्डिंगची आच लागली की ती ताकद जाते आणि जोडाच्या बाजूचा पत्रा मऊ पडतो. इंजिन ज्या पोलादी नळ्यांच्या चौकटीवर बसतं तिथे, मान्यता असलेल्या पद्धतीनं वेल्डिंग चालतं. पत्र्याला मात्र ठिगळच.

ठिगळ लावायच्या आधी फाटलेला, दुमडलेला भाग पूर्ण कापून काढतात. भोक गोल किंवा लांबट गोल करतात, कोपरा कुठेही टोकदार ठेवत नाहीत, कारण तडा कोपऱ्यातून निघतो. कडा कानशीनं आणि बारीक पॉलिश कागदानं गुळगुळीत करतात. मग त्याच मिश्रधातूचा, तेवढ्याच जाडीचा किंवा जाडीत एक माप वरचा पत्रा, मध्ये गंजरोधक रंग देऊन बसवतात.

जाडी एकच माप वर का, चांगली दुप्पट का नाही? सगळ्यांना पडणारा हा प्रश्न बरोबर आहे. भार नेहमी कडक वाटेनं जातो. ठिगळ फार कडक झालं तर आजूबाजूचा भार तिकडे धावतो आणि ठिगळाच्या कडेला, जिथे जुना पातळ पत्रा सुरू होतो तिथे, साठतो. वर्षा-दोन वर्षांनी तडा तिथे दिसतो. दुरुस्ती मूळ भागाइतकी ताकदवान हवी आणि मूळ भागाइतकी लवचिकही. ‘जास्त मजबूत केलं साहेब’ हे विमानाच्या कामात कौतुक नव्हे.

रिव्हेट किती आणि कुठे मारायचे तेही मोजून. मध्यापासून मध्यापर्यंत अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या किमान तिप्पट, कडेपासून किमान दुप्पट. मारायला दोन माणसं लागतात. बाहेरचा हवेच्या बंदुकीनं ठोकतो, आतला अंगाची घडी करून, डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे घालून रिव्हेटच्या आतल्या टोकावर पोलादाचा ठोकळा दाबून धरतो. एकमेकांना दिसत नाहीत, आवाजात ऐकूही येत नाही, म्हणून पत्र्यावर टकटक करून खुणा ठरवतात. दाबून झालेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्धपट उंच आलं पाहिजे. वाकडं आलं तर ड्रिलनं काढून नवा मारायचा, आणि काढताना भोक मोठं झालं तर पुढच्या मापाचा. आतल्या माणसाचा हात थोडा जरी तिरका झाला तरी तो रिव्हेट परत करावा लागतो. हे काम शिकायला वर्षं जातात आणि त्याची दृश्य शोभा शून्य असते.

तड्याला भोक पाडून सोडून देतात, हे खरं का?

अर्धं खरं. तड्याचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण त्या टोकावर एकवटतो आणि तडा पुढे सरकतो. टोकाशी तीनएक मिलिमीटरचं गोल भोक पाडलं की ताण त्याच्या परिघावर पसरतो आणि तडा थबकतो. इंजिनाभोवतीच्या झाकणासारख्या कमी महत्त्वाच्या भागावर, पुस्तक परवानगी देत असेल तर, एवढ्यावर भागतं. स्पारवरच्या तड्याला हा उपाय नाही. तिथे भाग बदलायचा किंवा उत्पादकाची खास दुरुस्ती करायची.

कंपोझिट विमानाला पोचा पडत नाही, मग बरंच की!

बिरसीला उडणारी डायमंड विमानं काच आणि कार्बनच्या तंतूंची, राळेत बसवलेली. त्यांना गंज लागत नाही, रिव्हेटही फारसे नाहीत. पण धातू मार खाल्ला की वाकून सांगतो, कंपोझिट आकार परत घेतं आणि गप्प बसतं. आत मात्र थरांची पकड सुटलेली असू शकते. ती शोधायची जुनी रीत म्हणजे नाणं किंवा हलकी हातोडी घेऊन बोटभर अंतरावर ठोकत जाणं. चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या भागाचा बद्द. ऐकणाऱ्याचा कान तयार हवा आणि बाहेर जनरेटर चालू नको.

दुरुस्तीत खराब थर उताराउतारानं घासून काढतात, एक मिलिमीटर खोलीला वीस मिलिमीटर किंवा जास्त लांबीचा उतार देतात, म्हणजे नवीन थर जुन्याला रुंद पट्ट्यावर धरतात. तंतूंची दिशा मूळ थराप्रमाणेच हवी. मग प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून, ठरलेल्या तापमानाला, ठरलेले तास राळ पिकवतात. राळेला मुदत असते, हवेतल्या दमटपणाचंही बंधन असतं. श्रावणात उघड्या शेडमध्ये हे काम होत नाही.

आणि ही विमानं पांढरीच का दिसतात? राळ तापली की मऊ पडते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळीशीला भिडतो, उन्हात उभ्या गडद रंगाच्या पृष्ठभागाचं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. दुरुस्त केलेल्या भागावर हौसेनं लाल-निळा पट्टा म्हणूनच पुस्तकाला विचारल्याशिवाय ओढता येत नाही.

पण दुरुस्त केलेलं विमान शेवटी दुरुस्त केलेलंच ना?

भीती निराधार नाही, आणि तिचं उत्तर द्यायला मोठ्या विमानाचं उदाहरण घ्यावं लागतं. १९७८ साली ओसाकाला उतरताना जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ ची शेपटी धावपट्टीवर घासली. केबिनमधला हवेचा दाब अडवणारा मागचा धातूचा पडदा दुरुस्त झाला. दोन भाग जोडणारी पट्टी अखंड हवी होती, ती दोन तुकड्यांत बसवली गेली, त्यामुळे एका पट्ट्यात भार रिव्हेटच्या एकाच रांगेवर आला. बाहेरून काम नीटनेटकं दिसत होतं. विमान सात वर्षं, बारा हजारांहून जास्त वेळा उडालं. १२ ऑगस्ट १९८५ ला तो पडदा फाटला आणि ५२० माणसं गेली.

सात वर्षं का टिकलं? पिप्याच्या कापलेल्या झाकणाची पट्टी वाकवून पाहा. एकदा वाकवली तर तुटत नाही, दहाव्या-विसाव्या वेळी त्याच जागी तुटते. धातूचा हा थकवा विमानाला जन्मापासून असतो. चुकीची दुरुस्ती तो एका ओळीत गोळा करते.

पण थकायला दुरुस्ती लागतेच असंही नाही. ४ एप्रिल २०१८ ला फ्लोरिडातल्या डेटोना बीचजवळ पायपर एरो जातीच्या प्रशिक्षण विमानाचा डावा पंख हवेतच तुटला, आतले दोघंही गेले. विमान २००७ साली बनलेलं, साडेसात हजार तासांवर उडालेलं. तडा स्पारच्या खालच्या बाजूला, बोल्टाच्या भोकात वाढला होता, बाहेरून दिसण्यासारखा नव्हता. त्यानंतर अमेरिकी नियामकानं त्या कुटुंबातल्या अनेक विमानांच्या त्या भोकांची एडी करंट तपासणी सक्तीची केली. तपासणीची वेळ ठरवायच्या सूत्रात, शिकवण्यासाठी किंवा भाड्यानं उडालेल्या विमानाचा एक तास खासगी मालकाच्या सतरा तासांबरोबर धरला. कमी उंचीवरचे हवेचे धक्के आणि दिवसभराची चढ-उतर स्पारला किती महाग पडते, ते या आकड्यात आहे. बेलोऱ्यासाठी मागवलेल्या विमानांतली बहुतेक पायपरचीच आहेत. नवी आहेत, तास कमी आहेत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तास मात्र पहिल्या दिवसापासून नीट मोजले पाहिजेत.

तेव्हा माझ्यापुरतं उत्तर असं: पुस्तकाप्रमाणे दुरुस्त झालेल्या आणि कागद पूर्ण असलेल्या विमानात मी बसेन. कधीच काही झालं नाही असं सांगणाऱ्या, पण जुनी लॉगबुकं, म्हणजे उड्डाण-दुरुस्तीच्या नोंदवह्या, हरवलेल्या विमानात नाही.

मग कागद कोण करतं, आणि पैसे कोण मोजतं?

भारतात हे काम डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, मान्यतेच्या संस्थेतच होतं आणि विमान उडायला योग्य आहे असं लिहून देणारी सही परवानाधारक देखभाल अभियंत्याची असते. तो मनानं काही ठरवत नाही. उत्पादकाच्या दुरुस्ती-पुस्तकात मोडतोडीचे गट दिलेले असतात: सोडून देण्याजोगी, ठिगळानं भागणारी, तुकडा घालून जोडण्याची आणि भागच बदलण्याची. पुस्तकात न बसणारी मोडतोड असेल, तर मोजमापं आणि फोटो उत्पादकाकडे किंवा मान्यताप्राप्त डिझाइन संस्थेकडे जातात आणि तिथून आराखडा येईपर्यंत विमान उभं राहतं. भंगारात काढायचं का, हे शेवटी विम्याच्या हिशोबात ठरतं. धडाची दुरुस्ती, इंजिनाची उघडझाक आणि नवा प्रोपेलर मिळून विमानाच्या किमतीच्या जवळ गेले, की चांगलं दिसणारं विमानही सुट्या भागांत विकलं जातं. उलट, पाहताना भयानक वाटणारं पण स्पार आणि जोड शाबूत असलेलं विमान काही महिन्यांत परत उडतं.

उडण्याआधी त्याचं वजन परत करतात, कारण शेपटीकडे बसवलेलं किलोभराचं ठिगळही तोल मागे सरकवतं. चाचणी उड्डाण होतं. लॉगबुकात कुठला पत्रा, कुठले रिव्हेट, पुस्तकाचं कुठलं पान, सगळं लिहिलं जातं आणि ते विमानाबरोबर कायम राहतं. पुढच्या शंभर तासांच्या तपासणीला त्या ठिगळाची कड बॅटरी आडवी धरून परत पाहतात, त्याच्या पुढच्या शंभर तासांनाही.